बंड्या दिवसा दुधाला तोंड लावत नाही आणि रात्रभर सोडत नाही

कॅशवाली, इंदूर

आधी दिवस सांगते, मग प्रश्न.

साडेपाचला उठते. उठते कसली, जागीच असते. सहा-साडेसहापर्यंत दोन डबे, आईंच्या पोळ्या आणि बंड्याची मुगाची खिचडी. हे सव्वासातला पीथमपूरच्या कंपनीच्या बसला जातात, आणि नेमकी तेव्हाच कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. इंदूरकरांना सांगायला नको, ओला वेगळा, सुका वेगळा आणि डायपर तिसरीकडेच. परवा घाईत डायपरची पुडी सुक्यात गेली. गाडीवरच्या ताईंनी ती शोधून परत माझ्या हातात ठेवली, "मॅडम, ये उधर." एका हातात पुडी, कडेवर बंड्या आणि वर गॅसवर दूध. ते उतू गेलंच.

राजेंद्र नगरहून शाखा पार दुसऱ्या टोकाला, स्कूटीवर पाऊण तास. दहा ते चार काउंटर. मागच्या आठवड्यात रांगेत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि इकडे माझा पान्हा फुटला. पाचशेचं बंडल मोजत होते, बासष्टवर आकडा हरवला. कुर्त्यावर फाइल धरून पुन्हा एकपासून मोजलं.

दूध काढते रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांना पाठ टेकून. कडी तुटलेली आहे म्हणून आमचे शिपाईकाका बाहेर स्टूल टाकून बसतात. कुणी आलंच तर म्हणतात, "मॅडम फाइल निकाल रही हैं." आतून पंपाची घुर्रघुर्र येत असते. इतकी आवाज करणारी फाइल कुठली, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

तर प्रश्न. बंड्या ८ महिन्यांचा आहे. आदल्या दिवशी काढलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवशी आई, म्हणजे सासूबाई, बाटली गरम पाण्यात धरून कोमट करून देतात. हा दोन घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि फुर्र करून सगळं आईंच्या पदरावर. खिचडी खातो, पाणी पितो, दूध नाही. सोमवारी तर थेंबही नाही. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत झोंबतो आणि रात्री पाच-पाचदा उठतो.

एक कबूल करते. बाटली हुंगली तर साबणाचा वास आला, म्हणून मी आईंना म्हटलं की नीट विसळत नाही तुम्ही. त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून तीनदा धुतात आणि बाटली उजेडात धरून मला दाखवतात. घरात थोडा गारठाच आहे. पंप बंद करून पावडरचं दूध सुरू करू का?

दोन पोरांची

रात्रीचं इतकं मनावर घेऊ नकोस. आई दिवसा नसली की पुष्कळ बाळं रात्री वसूल करतात. माझ्या धाकट्याने पाच महिने हेच केलं. त्याला कुशीत घेऊन नऊलाच आडवी हो, भांडी राहू देत. आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजून बघ, ८ महिन्यांचं बाळ पेल्यानेही पितं. तू घरात असताना मात्र दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नाही, तेव्हा रविवारी प्रयोग करू नकोस.

ग्वाल्हेरचे आजोबा

आमच्या वेळी गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून बोंडल्याने पाजायचे. चार मुलं वाढली. पंपबिंप नव्हते.

बडोद्याची सिस्टर

आजोबा, रागावू नका, पण वर्षाच्या आत गाईचं दूध प्यायला द्यायचं नसतं, पाणी घालून तर नाहीच.

कॅशवाली, मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते. मला दोन गोष्टी सांग. वास बाटलीला येतो की दुधाला? आणि सोमवारी जे दूध देता ते कधीचं असतं?

कॅशवाली, इंदूर

सोमवारचं दूध शुक्रवारचं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, रविवारी मी घरीच. बाटलीला की दुधाला, ते वेगळं करून पाहिलंच नाही हो.

बडोद्याची सिस्टर

मग आधी ते कर. उद्या काढलेल्यातलं थोडं दूध स्टीलच्या वाटीत, जिला बाळाच्या बाटलीचा साबण लागलेला नाही अशा, झाकून फ्रिजमध्ये ठेव. रात्री हुंग, सकाळी हुंग, जिभेला लावून बघ.

मला वाटतं बाटली स्वच्छ आहे. आईच्या दुधात लायपेज नावाचं एंझाइम असतं, ते चरबी फोडतं. काहीजणींच्या दुधात त्याचा परिणाम इतका होतो की काही तासांतच साबणासारखा वास येतो, आणि दूध जितकं जुनं तितका जास्त. म्हणून तुझा सोमवार सगळ्यात वाईट. दूध खराब नसतं, बाळाला अपायही नसतो. काही बाळं मुकाट्याने पितात, तुझ्या बंड्यासारखी चोखंदळ फुर्र करतात.

उपाय असा. वास यायच्या आत दूध पातेलीत मंद आचेवर ठेवायचं. कडेला बारीक बुडबुडे आले की उतरवायचं, उकळी येऊ द्यायची नाही. पातेली गार पाण्यात धरून लगेच निववायचं आणि फ्रिजमध्ये. गरम केल्याने दुधातले काही गुण कमी होतात, पण अजिबात न पिण्यापेक्षा बरं. एकदा वास आला की गरम करून जात नाही. शाखेतून आणताना आईस पॅक असतो ना? इंदूरच्या उन्हात डिकीत तसंच ठेवू नकोस.

नोकरीवालीच

एक आगाऊ सूचना. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोनदा दूध पाजण्यासाठी सुटी मिळणं कायद्यात आहे, नेहमीच्या जेवणाच्या सुटीखेरीज. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघरही हवं. तुमची शाखा लहान असेल, पण कडी दुरुस्त करून मागायला कायदा लागत नाही.

कॅशवाली, इंदूर

वाटी केली. रात्री साडेदहाला काही नाही. सकाळी साडेपाचला झाकण काढलं तर कपडे धुवायचा साबण! जिभेला लावलं, अगदी वडी चाटल्यासारखं. बिचारा बंड्या.

वाटी आईंच्या नाकाशी धरली. त्यांनी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे बाटली स्वच्छ होती."

आता पंपाची पिशवी आईस पॅकसकट घरी आणते आणि पर्स खांद्यावर असतानाच पातेली चढवते. बंड्या ओढणीला लोंबकळतो, मी बुडबुड्यांवर नजर ठेवते. शुक्रवारचं दूध सोमवारपर्यंत ठेवत नाही, शनिवार-रविवारी मी बाहेर पडले की तेच देतात.

काल दुपारी एक दहाला, रांग दारापर्यंत असताना, आईंचा फोन. "संपवलं," म्हणाल्या आणि ठेवून दिला. १२० मिली! शिपाईकाकांना सांगितलं तर त्यांनी घरून पेचकस आणून कडी बसवून दिली. साहेबांकडे मी तीन आठवडे अर्ज घेऊन फिरत होते.

माफी मागायला जीभ वळेना. येताना वाट वाकडी करून छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून खोपरा पॅटिस नेले. आईंनी दोन खाल्ले, हात धुतले आणि म्हणाल्या, "बाटल्या मात्र आता तूच धू."

धुतेय. रात्री काल तीनदाच उठला.