मदत हवी आहे: रोइंगमधल्या कॉक्सबद्दल (वल्ह्यांच्या बोटीचं सुकाणू धरून वल्हवणाऱ्यांना सूचना देणारी व्यक्ती)

म्हापशाची माझी भाची, वजन ४८ किलो, तिला कॉलेजच्या आठजणींच्या बोटीत कॉक्स केलंय. घरचे म्हणतात नुसतं बसून ओरडायचं, त्यात काय! अहो पण वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते, समोरचं फक्त हिलाच दिसतं, सुकाणू हिच्याकडे, २००० मीटरात जोर कधी लावायचा तेही हिनेच सांगायचं. (आंतरराष्ट्रीय नियमात कॉक्स किमान ५५ किलोची, कमी पडलं तर बोटीत तेवढं वजन ठेवतात, म्हणून ताई उगाच तिला खायला घालू नकोस.)

तर प्रश्न असा की मांडवी नदीत बार्ज (मोठी मालवाहू बोट) गेली की लाटा, त्यात ओहोटीची ओढ, अशा वेळी सुकाणू फिरवायचं की एका बाजूच्या मुलींना जोर वाढवायला सांगायचं? सुकाणू जास्त वळवलं की वेग मरतो ना? पणजी-रायबंदरकडे कोणी जुने रोअर असाल तर सांगा प्लीज.