जर्सीवरची जागा विका, पण आधी जर्सी नीट करा: लीगच्या निर्णयांवर चर्चा

मधली_यष्टी

लीगने जर्सीतून पैसा कमवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो क्रमाला. खेळाडू लांबून ओळखू येतो का, कापड घामाला आणि धुण्याला टिकतं का, संघाचा रंग शाबूत राहतो का, हे आधी बघायला हवं. जाहिरातीची जागा त्यानंतर विकायची. गेल्या काही वर्षांत बऱ्याच लीगनी नेमकं उलट केलंय.

ठळक उदाहरण अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचं. 2024 च्या मोसमात नायकीने नवं, हलकं कापड आणलं. शिवणकाम फॅनॅटिक्स या कंपनीकडे होतं. सरावाचे सामने सुरू झाले तेव्हाच खेळाडूंच्या तक्रारी आल्या. पाठीवरचं नाव एवढं बारीक की ते चाहत्यांसाठी विकलेल्या स्वस्त आवृत्तीवरचं वाटावं. पॅन्ट इतकी पारदर्शक की आत खोचलेल्या शर्टाची कड बाहेरून दिसते. परगावच्या सामन्यांचा राखाडी शर्ट आणि राखाडी पॅन्ट यांच्या छटाच जुळत नव्हत्या, आणि घामाचे डाग टीव्हीवर लख्ख दिसत होते. मोसम निम्मा व्हायच्या आत लीगला मान्य करावं लागलं की 2025 पर्यंत अक्षरं पुन्हा मोठी करू, राखाडी रंग जुळवू, घामाचंही बघू. आधीच्या जर्सीबद्दल एवढी ओरड झाली नव्हती.

माझी मागणी अशी: मुख्य जर्सी किमान पाच वर्षं बदलायची नाही, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये असा नियम आहेच. नवं कापड आधी पूर्ण मोसमभर खालच्या पातळीच्या स्पर्धेत वापरून बघायचं. आणि प्रायोजकाच्या लोगोचा तुकडा, म्हणजे पॅच, लावायचाच तर तो संघाच्या रंगात हवा.

हिशेबनीस

पूर्ण असहमत. चाहत्यांना महागडे खेळाडू हवेत आणि जर्सी कोरी हवी, हे एकत्र जमत नाही.

एनएफएल सामन्याच्या जर्सीवर जाहिरात घेत नाही, कारण त्यांच्याकडे टीव्हीचा पैसा अफाट आहे. त्यांनीही सरावाच्या जर्सीवर 2009 पासून जाहिरात घेतलीच. बाकीच्यांकडे ती चैन नाही. बास्केटबॉलच्या एनबीएने 2017-18 पासून छातीवर अडीच इंच बाय अडीच इंचाचा पॅच सुरू केला. ते उत्पन्न बास्केटबॉलच्या एकूण उत्पन्नात धरलं जातं, आणि खेळाडूंचा वाटा त्या एकूण आकड्यावर ठरतो. म्हणजे पॅचचा पैसा मालकाच्या खिशात जाऊन संपत नाही. आइस हॉकीच्या एनएचएलने महासाथीत प्रेक्षक नसताना आधी हेल्मेटवर जाहिरात घेतली, मग 2022-23 पासून जर्सीवर. तिकीटविक्री बंद असताना पगार कुठून द्यायचे होते?

आयपीएलचंही गणित बघा. प्रक्षेपण हक्क आणि मुख्य प्रायोजक यांचा पैसा मंडळाकडून वाटला जातो. जर्सीवरचे लोगो मात्र प्रत्येक फ्रँचायझी स्वतः विकते. जिंकणाऱ्या, लोकप्रिय संघाला तिथे जास्त मिळणार, हे उघड आहे. ती जागा बंद केलीत तर स्वतःच्या जोरावर कमवायचा मोठा रस्ताच बंद होतो.

आणि चाचणी झालीच नाही असं म्हणू नका. बेसबॉलची ती नवी जर्सी 2023 च्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक प्रदर्शनी सामन्यात, वापरली होती.

ताणाबाणा

ऑल-स्टार सामना ही कापडाची चाचणी होऊ शकत नाही. एक संध्याकाळ, खास रंगाच्या जर्सी, त्यातही राखाडी नाही. बेसबॉलच्या संघाला मोसमात 162 सामने असतात. मातीत घसरणं, डाग काढायची तीव्र रसायनं, रोजची धुलाई, यातलं त्या एका रात्रीत काही घडत नाही. बिघाड तिथेच होतो.

तीन गोष्टी कापडाच्या अंगाने सांगतो, कारण यावर नेहमी नुसतं "दर्जा घसरला" एवढंच बोललं जातं.

पहिली, राखाडी न जुळणं. शर्टाचं कापड ताणलं जाणारं, पातळ. पॅन्टचं जाड, वेगळ्या विणीचं. रंगाची कृती तीच ठेवली तरी दोन विणींवर तो वेगळा बसतो, कारण प्रकाश परत फेकण्याची त्यांची पद्धत वेगळी असते. त्यात दोन कापडं वेगवेगळ्या घाण्यात रंगवली की फरक वाढतो. दिवसा जुळलेली जोडी फ्लडलाइटखाली विजोड दिसू शकते. म्हणून नमुना एकाच दिव्याखाली पास करून चालत नाही. दिवसाचा उजेड आणि मैदानाचे दिवे, दोन्हीखाली शर्ट-पॅन्ट शेजारी ठेवून बघावे लागतात. पांढऱ्यात ही अडचण कमी, गडद निळ्यात त्याहून कमी. मधल्या राखाडीत सगळं उघडं पडतं. घामाचंही तसंच आहे: ओलं आणि कोरडं यांतला फरक मध्यम छटेवर सर्वांत जास्त दिसतो.

दुसरी, अक्षरं. जुनी पद्धत म्हणजे ट्विल या जाड, तिरप्या विणीच्या कापडाचे कापलेले तुकडे, बरेचदा दोन थरांत, कडेने शिवलेले. ते टिकतात, लांबून वाचता येतात, पण जड आणि ताठ असतात. खालचं कापड ताणलं जाणारं असेल तर ताठ अक्षराभोवती चुण्या पडतात. मग कंपनी अक्षर लहान करते, त्याला भोकं पाडते किंवा शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवते. म्हणजे एकदा कापड हलकं आणि ताणणारं ठरवलं की अक्षरावर गदा येतेच. निर्णय कापडाचा असतो, किंमत नावाने चुकवलेली असते.

तिसरी, पॅच. चार इंचाचा भरतकामाचा पॅच बाहीवर शिवला की त्याची मागची ताठ पट्टी ताणली जात नाही आणि तेवढ्या भागातून घाम वाळत नाही. चार धुण्यांनंतर कडा वर येतात. उष्णतेने चिकटवलेला पातळ पॅच बरा, पण लाल किंवा मरून पॉलिएस्टरवर पांढरा पॅच असेल तर वेगळंच संकट येतं. गरम दाबाने खालचा रंग वायुरूप होऊन वरच्या पांढऱ्यात शिरतो. छापल्या दिवशी सगळं स्वच्छ दिसतं, गुलाबी छटा काही दिवसांनी गोदामात दिसायला लागते. उपाय माहीत आहेत: मध्ये रंग अडवणारा थर, दाबाचं तापमान कमी, आणि नमुना काही दिवस उबदार जागी ठेवूनच मंजुरी. घाईत छापलेल्या मालात सर्वांत आधी हाच शेवटचा टप्पा गाळला जातो.

पहिली_स्लिप

क्रिकेटबद्दल बोलतो. हिशेबनीस म्हणतात जर्सीचा पैसा हवाच. कोणाचा पैसा, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला.

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला आणि भारतीय संघाचा मुख्य प्रायोजक ड्रीम11 बाजूला झाला. सप्टेंबरमधला आशिया चषक भारत छातीवर प्रायोजकाशिवाय खेळला. त्यानंतर अपोलो टायर्स आले. एका कायद्याने बंद पडू शकेल अशा धंद्याला छातीवरची जागा देणं हा व्यवहार म्हणूनसुद्धा कच्चा आहे. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबनी 2023 मध्ये ठरवलं की 2025-26 संपेपर्यंत शर्टाच्या पुढच्या बाजूवरून सट्टा कंपन्या काढू. बाहीवर मात्र त्या चालतील. पुढून काढून बाजूला नेणं याला मी सुधारणा म्हणणार नाही.

आयसीसीच्या स्पर्धांत छातीवर देशाचं नाव ठळक येतं आणि प्रायोजक बाहीवर जातो. स्पर्धा तोट्यात जात नाहीत. हा नमुना समोर असताना द्विपक्षीय मालिकेत देशाचं नाव लोगोखाली का दाबायचं?

जागा विकण्यामागचा विचार किती बारीक असतो तेही सांगतो. उजव्या हाताचा फलंदाज उभा राहिला की त्याची डावी बाही गोलंदाजाकडच्या कॅमेऱ्यासमोर येते. म्हणून पुढच्या हाताची बाही महाग, मागच्या हाताची स्वस्त. बेसबॉलमध्येही हेच: फलंदाज डावखुरा की उजवा यावरून पॅच कोणत्या बाहीवर ते ठरतं. एकाच संघाच्या दोन खेळाडूंच्या जर्सी यामुळे वेगळ्या शिवाव्या लागतात. जाहिरातीसाठी एवढी काळजी घेता येते, तर नावाच्या अक्षराची उंची ठरवताना का घेता येत नाही?

पूर्व_स्टँड

मला मधली_यष्टी यांचा पाच वर्षांचा नियम पटत नाही. नियम कडक केला की चाहत्यांचंच नुकसान होतं, याचा दाखला त्यांच्याच आवडत्या एनएफएलमध्ये आहे.

2013 मध्ये एनएफएलने ठरवलं की खेळाडूने मोसमभर एकच हेल्मेट वापरायचं. कारण सुरक्षेचं होतं: डोक्याला बसलेलं हेल्मेट बदलू नये. पण त्यामुळे ज्या जुन्या जर्सीला वेगळ्या रंगाचं हेल्मेट लागायचं, त्या सगळ्या कपाटात गेल्या. न्यू इंग्लंडची लाल जर्सी, टॅम्पा बेची केशरी जर्सी. 2022 पासून दुसऱ्या हेल्मेटला परवानगी मिळाली आणि न्यू इंग्लंडची लाल त्याच वर्षी परतली, टॅम्पाची केशरी 2023 मध्ये. चाहत्यांनी या जर्सी डोक्यावर घेतल्या. त्या परत आणणं हा लीगचा धंदेवाईक निर्णयच होता की.

क्रिकेटमधले रंगीत कपडेही ऑस्ट्रेलियातला टीव्ही चॅनेलमालक केरी पॅकर याच्या वर्ल्ड सिरीज स्पर्धेतून, टीव्हीसाठी आले. तेव्हा पाच-पाच वर्षं थांबा म्हणणारे असते तर एकदिवसीय सामने अजून पांढऱ्यात झाले असते.

मधली_यष्टी

हेल्मेटचा दाखला मान्य, आणि तो माझ्या बाजूचा आहे. जुनी जर्सी परत आणणं म्हणजे संघाचा रंग जपणं. मी मुख्य जर्सीबद्दल बोललो, जादा जर्सीबद्दल नाही. मुख्य रंगाला हात लावल्यावर काय होतं ते कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबने दाखवलंय. 2012 मध्ये मालकाने निळा क्लब लाल केला. त्याच लाल रंगात संघ प्रीमियर लीगमध्ये पोचला, तरीही चाहत्यांचा विरोध थांबला नाही, आणि जानेवारी 2015 मध्ये निळा परत आणावा लागला. यश मिळूनही रंग पचला नाही.

जादा जर्सीलाही एक कसोटी हवीच: मैदानावर दिसते का? एप्रिल 1996 मध्ये साउदॅम्प्टनविरुद्ध मँचेस्टर युनायटेड मध्यंतराला 3-0 ने मागे होतं. सहकारी गर्दीत दिसत नाहीत म्हणून राखाडी शर्ट काढून दुसरे घातले, आणि सामना 3-1 ने हरले. ती राखाडी जर्सी पाच सामन्यांत घातली, एकही जिंकला नाही. नोव्हेंबर 2015 मध्ये एनएफएलने बफेलोला नखशिखांत लाल आणि जेट्सना नखशिखांत हिरवं घालून उतरवलं. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या प्रेक्षकांना दोन्ही संघ सारखेच दिसले. अशा प्रेक्षकांची नजर साधारण बारा पुरुषांमागे एकाची असते. एवढी मोठी लीग, आणि चित्र एकदा कृष्णधवल करून बघायला कोणी बसलं नाही. एका रंगीत फोटोचा रंग काढून टाकला की दोन मिनिटांत कळतं.

पूर्व_स्टँड

दिसण्याच्या कसोटीवर मी तुमच्यासोबत आहे. एनबीएने घरची पांढरी आणि परगावची गडद ही जुनी विभागणी 2017 मध्ये सोडली, यजमानाला कुठलीही जर्सी निवडायची मुभा दिली, आणि 2021 मध्ये ओक्लाहोमाचा केशरी संघ अटलांटाच्या लाल संघासमोर उतरला. मध्यंतराला ओक्लाहोमाला पांढऱ्यात यावं लागलं. एक संघ फिका, दुसरा गडद, एवढं पाळलं तरी पुरे.

चाहत्यांसाठी एक कामाची गोष्ट, कारण इथे सगळे लीगवरच बोलतायत. फुटबॉल क्लब एकच शर्ट दोन दर्जांत विकतात. खेळाडूंसारख्या आवृत्तीत चिन्ह बहुधा उष्णतेने चिकटवलेलं असतं, कापड पातळ आणि माप अंगाबरोबर. चाहत्यांच्या आवृत्तीत चिन्ह भरतकामाचं किंवा विणलेलं, माप सैल. महाग ती जास्त टिकते असा समज आहे, तो चुकीचा. ती जेमतेम एका मोसमाच्या हिशेबाने बनते. रोज घालायला स्वस्त आवृत्ती घ्या. धुताना उलटी करा, गार पाणी वापरा, कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात नको, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम शोषून पसरवायची कापडाची ताकद जाते. ड्रायर आणि इस्त्री दोन्ही छपाईच्या शत्रू.

हिशेबनीस

दिसण्याची कसोटी आणि मोसमभराची चाचणी, या दोन्ही मी मान्य करतो. ताणाबाणांनी लिहिलेली कारणं वाचल्यावर ऑल-स्टारचा मुद्दा मागे घेतो.

पॅच संघाच्या रंगात हवा, यावर मात्र अडतो. तुम्ही न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचं उदाहरण द्याल हे माहीत आहे. 2023 मध्ये त्यांच्या बाहीवर रुग्णालयाचा लाल-पांढरा पॅच आला. तो फिलाडेल्फियाच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रंगाचा दिसतो अशी ओरड झाली, मालकालाही ते पटलं, आणि पॅच निळा-केशरी झाला. पण ते त्याच शहरातलं रुग्णालय होतं, लोकांची मर्जी राखणं त्याला परवडत होतं. जगभर एकाच रंगाने ओळखली जाणारी कंपनी तो रंग सोडणार नाही, आणि सोडला तर पैसे कमी देईल.

मधली_यष्टी

मग कमी घ्या. बार्सिलोनाने 2006 मध्ये छातीवर युनिसेफचं नाव लावलं, पैसे घेतले नाहीत, उलट दिले. पुढे 2011 मध्ये विकली जागा, पण तोवर त्या जागेची किंमत वाढलेली होती. रंगाची अट करार करायच्या आधी निविदेतच लिहा. ज्याला परवडेल तो बोली लावेल.

ताणाबाणा

अट लिहिणार असाल तर रंगाचं नाव लिहून भागणार नाही. ठरलेल्या कापडावर रंगवलेला नमुना, दोन प्रकाशांखाली तपासलेला आणि पंचवीस धुण्यांनंतर पुन्हा तपासलेला, कराराला जोडा. नाहीतर "निळा" म्हणून जे येईल ते स्वीकारावं लागेल, आणि पहिल्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात ते परत पाठवायला वेळ नसेल.