मदत हवी आहे: घरामागे कायोटी आणि आईच्या पोळ्या

नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. घरामागच्या ओढ्याकाठी कायोटींची (कोल्ह्यासारखा इथला रानटी प्राणी) जोडी आहे. आजवर त्रास नव्हता. परवा संध्याकाळी मात्र आमच्या छोट्या कुत्रीला, चिमीला, फिरवताना त्यातली एक 15-20 पावलांवरून मागे मागे येत राहिली. कान ताठ, शेपटी खाली, आवाज अजिबात नाही. मी पळाले नाही. चिमीला उचललं, हात उंच करून ओरडले, तोंड तिच्याकडेच ठेवून मागे सरकत राहिले. ओढा लांब पडल्यावर ती थांबली. मे महिना आहे, पिल्लं असणार, म्हणून आम्हाला हाकलत होती एवढं कळतं.

खरी काळजी आईची आहे. ती साताऱ्याहून आली आहे आणि रोज पाखरांना म्हणून उरलेली पोळी, भात अंगणात टाकते. "मुक्या जिवाच्या तोंडचा घास कसा काढायचा?" म्हणते. आयतं खाणं मिळालं की कायोटीची माणसाबद्दलची भीती जाते आणि धीट झालेल्या कायोटीलाच शेवटी मारलं जातं, हे आईला न दुखावता कसं सांगू?

शिवाय कुंपणाच्या वरच्या कडेला फिरते रोलर (प्राण्याला पकड मिळू नये, चढून आत येता येऊ नये म्हणून) कोणी बसवलेत का? 6 फुटी कुंपणाला त्यांचा खरंच उपयोग होतो का?