कादंबरीतल्या दोघी आणि लिहिणारा मी पुरुष

गोदाकाठचा: मी नाशिकचा, वय ३८. फँटसी कादंबरी लिहितोय. पांडवलेण्यांसारख्या डोंगरात तलवारी घडवणारी एक, नदीशी बोलणारी नावाडीण दुसरी. दोघींचं एकमेकींवर लपूनछपून प्रेम. बायकोने वाचून विचारलं, "या सारख्या एकमेकींचे केसच काय न्याहाळतात? कामधंदा नाही का?" तेव्हापासून सातव्या प्रकरणात अडकलोय. पुरुषाने हे लिहूच नये का?

वाचनवेडी: लिहा की! विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक, बाईवर प्रेम करणाऱ्या सुमित्राचं, १९८१मध्ये रंगमंचावर आलं. त्या काळी धाडसच ते. पण गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि सुमित्रा शेवटी आत्महत्या करते. तुम्हीही शेवटच्या लढाईत एकीला मारणार असाल तर मी पुस्तक तिथेच मिटेन.

गोदाकाठचा: मारणार होतो. एकविसावं प्रकरण.

कॉलेजरोडवाली: मी आणि माझी जोडीदारीण सहा वर्षं एकत्र राहतोय. घरमालकाला 'मावसबहीण' सांगितलंय. रविवारी मिसळ खाताना ती माझ्या वाटीतली तर्री पळवते, आणि आमची भांडणं होतात ती सिलिंडर कोणी लावायचा यावरून. केस वगैरे आम्ही न्हाणीघराच्या जाळीतून काढतो, न्याहाळत नाही. होडी गळायला लागल्यावर तुमची नावाडीण कुणावर खेकसते, ते लिहा. आणि एक सांगा, तुमच्या राज्यात दोन चंद्र चालतात, मग तिथेही या दोघी लपूनछपून का?

गोदाकाठचा: चंद्र तीन आहेत. लपण्याचं कारण खरंच माझ्याकडे नाही, सवयीने लिहिलं गेलं. सातवं प्रकरण फाडतोय.