दंगल थांबली, भीती घरात राहिली : मुंबई १९९२-९३ (अनुभव धागा)

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं गेली, असं श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. मृत आणि जखमी मोजले गेले. पण तेव्हापासून ज्यांची झोप गेली, दारावर थाप पडली की ज्या आजही दचकतात, त्या बायका कुठल्याच रकान्यात नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणी आता साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांनी, त्यांच्या मुली-सुनांनी इथे लिहावं ही विनंती. कोणी कोणाला मारलं हा वाद कृपया इथे नको. तो सुरू झाला की घरातल्या बायका गप्प होतात, हे मी लहानपणापासून पाहिलंय. खरी नावं टाळा. लिहवत नसेल तिथे थांबा.

गिरणगावकर
आम्ही लालबागला चाळीत राहायचो. जानेवारीत रात्री गच्चीवर पुरुषांचा पहारा असायचा. समुद्रातून बोटी भरून माणसं येणार अशी आवई उठली होती. आईने आणि शेजारणींनी तिखटाच्या पुड्या बांधून दाराशी ठेवल्या होत्या, स्टोव्हवर पाण्याचं पातेलं. कोणी आलं नाही. आमच्या चाळीची काचसुद्धा फुटली नाही. पण आई तेव्हापासून रात्री गाऊन घालेना. पळायची वेळ आली तर? म्हणून पदराला पिन लावलेली साडी, उशाखाली रेशनकार्ड. बाबा म्हणायचे, "आपल्याला काही झालं नाही ना?" काही झालं नव्हतं म्हणूनच तर तिला कोणापाशी बोलता येईना. त्यात १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. मग तिची समजूत घालणं सगळ्यांनीच सोडलं.

मुंब्रावाली
आम्ही कोकणी मुसलमान, गाव चिपळूणकडे. तेव्हा जोगेश्वरीत होतो. संडास गल्लीच्या टोकाला. त्या दिवसांत अंधार पडला की अम्मी तिकडे जायची नाही, आम्हा पोरींनाही जाऊ द्यायची नाही. त्यावर तिने काढलेला उपाय म्हणजे दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, हे सारखं चालू. नंतर इतरांसारखे आम्हीही मुंब्र्याला आलो. इथे संडास घरात आहे. तरी आजही संध्याकाळी तिच्यासमोर ग्लास ठेवला की ती तो बाजूला सरकवते. इतकी वर्षं लघवीच्या तपासण्या झाल्या, औषधं झाली. बाई पाणी का पीत नाही, हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही.

घर गेल्याचं ती फारसं बोलत नाही. बोलते ती शेजारच्या काकूंबद्दल. त्यांनी आम्हाला आपल्या पोटमाळ्यावर लपवलं होतं. निघताना त्यांना भेटता आलं नाही, याची चुटपुट तिला अजून आहे.

नाव नको
खूप वर्षं हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझा मोठा भाऊ एका रात्री बाहेर होता. पहाटे आला तेव्हा शर्टाला रॉकेलचा वास. आईने काही विचारलं नाही, शर्ट भिजत घातला. पुढे तिला घेरी यायला लागली, दातखीळ बसायची. बाहेरचं आहे म्हणून देवऋषी केले, अंगारे झाले. ती बोलणार कोणापाशी? बोलली तर मुलगा तुरुंगात, नाही बोलली तर हे असं. ती गेली. भाऊ आहे. आम्ही दोघं याविषयी कधीच बोललो नाही.

समुपदेशक
@नाव नको, लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडे मनाचा त्रास बायका बहुतेकदा शरीरातूनच सांगतात. छातीत धडधड, अंगदुखी, घेरी. टॉनिक आणि बीपीची गोळी मिळते, विषय संपतो. मुंब्रावाली ताई, तुमच्या अम्मी पाणी टाळतात ती सवय एके काळी त्यांच्या संरक्षणाची होती, म्हणून "आता कसली भीती?" असं म्हणून ती सुटणार नाही. डॉक्टरांना हा सगळा इतिहास तुम्ही सांगा.

एक मात्र कळकळीने सांगते. समोर बसवून "त्या रात्री काय झालं ते सांग" असा आग्रह धरू नका. त्याने त्रास वाढू शकतो. ज्यांना बोलायचं नाही त्या सगळ्या आजारी आहेत असंही नाही. झोप, जेवण, बाहेर पडणं यांवर परिणाम असेल तर मात्र मदत घ्यावी, कितीही वर्षं झाली असली तरी उपचार होतात. टेली मानस, १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी मदतीचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

धारावीची सून
माझ्या सासूबाई न बोलणाऱ्यांतल्या. दंगलीनंतर सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या, म्हणजे वस्तीतले हिंदू-मुसलमान आणि पोलीस एकत्र बसायचे. त्या बैठकांना सासूबाई जायला लागल्या. दंगलीचं नावही न काढता नळाचं पाणी, कचरा, पोरींची छेडछाड यावर दोन्हीकडच्या बायका तावातावाने भांडायच्या. रात्री नऊला एकटीने चालत घरी यायची सवय त्यांना तिथेच परत लागली.

गिरणगावकर
@समुपदेशक, आई आता पंचाहत्तरीची आहे, फोनवर अनोळखी माणसाशी बोलणार नाही. तिच्या वतीने मी १४४१६ ला फोन केला तर चालेल का?

समुपदेशक
चालेल. घरच्यांनाही ते मार्गदर्शन करतात. आधी आईंना तसं सांगून करा.