बॅटल रिव्हर–क्रोफुटचे मतदार आंधळे आहेत का?

शिवारवाट:
18 ऑगस्ट 2025 ची पोटनिवडणूक झाल्यापासून कॅनडातल्या आपल्या मंडळींकडून एकच वाक्य ऐकतेय : "तिथं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानं दगडाला शेंदूर फासला तरी तो निवडून येईल." तिथं म्हणजे पूर्व अल्बर्टा प्रांतातला बॅटल रिव्हर–क्रोफुट हा संसदेचा मतदारसंघ. कॅमरोज, स्टेटलर, ड्रमहेलर, हॅना, वेनराइट अशी लहान गावं, आणि मधे नजर पोचेल तिथवर गहू, कॅनोला हे तेलबियांचं पीक, गुरांची कुरणं, तेलाचे पंप. एप्रिलमध्ये पक्षनेते पिएर पोलिएव्ह राजधानी ऑटावाजवळच्या कार्लटनमध्ये हरले. इथून 82 टक्क्यांवर मतं मिळवलेल्या डेमियन कुरेक यांनी त्यांच्यासाठी राजीनामा दिला, आणि पोलिएव्हही 80 टक्क्यांच्या घरात मतं घेऊन निवडून आले.

मी कॅमरोजला आठ वर्षं औषधांच्या दुकानात काम केलंय. हे शेंदराचं वाक्य मला लागतं, कारण ते खोटं आहे.

या पट्ट्यानं 1921 मध्ये लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या दोन्ही जुन्या पक्षांना घरी पाठवून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संघटनेचे, युनायटेड फार्मर्स ऑफ अल्बर्टाचे, खासदार निवडले. कारण साधं होतं. 1879 पासून ऑटावातल्या केंद्र सरकारनं पूर्वेकडच्या कारखान्यांना आयातकराचं कुंपण घातलं होतं. नांगर, कापणीयंत्र घ्यायचं ते त्या कुंपणातल्या चढ्या भावानं, आणि गहू विकायचा तो जगाच्या उघड्या बाजारात. मग मंदी आली, दुष्काळ आला, हॅनाच्या आसपास माती उडून गेली, माणसं जमिनी टाकून निघून गेली. कर थकलेल्या त्या जमिनी प्रांतानं ताब्यात घेतल्या. 1938 च्या कायद्यानं त्यांचे 'स्पेशल एरियाज', म्हणजे प्रांताच्या थेट कारभाराखालचे भाग, झाले, ते आजही आहेत. त्या काळात, 1935 मध्ये, माणशी महिना 25 डॉलर देऊ म्हणणाऱ्या सोशल क्रेडिट पक्षाला इथल्या लोकांनी डोक्यावर घेतलं. 1958 मध्ये प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह. 1993 मध्ये त्यांनाही सोडून रिफॉर्म पार्टी. आंधळी माणसं इतक्या वेळा घर बदलत नाहीत.

ऑटावाकर:
ताई, इतिहास मान्य. पण तुम्ही मोजलेले सगळे बदल एकाच दिशेचे आहेत. पक्षाची पाटी बदलली, पेटी तीच राहिली. 1993 नंतर रिफॉर्म, अलायन्स, पुन्हा कॉन्झर्व्हेटिव्ह ही एकाच घराण्याची नावं. शिवाय 1921 च्या शेतकऱ्यांचा दरारा होता, कारण ते कुणाच्या खिशात नव्हते. आज सत्ताधारी लिबरलना ठाऊक आहे की इथं काहीही केलं तरी मत मिळणार नाही, आणि विरोधकांना ठाऊक आहे की काहीही न करता मिळेल. मग या लोकांसाठी धडपडायचं कुणी?

मी राहतो त्या भागात लोकांनी 2004 पासूनच्या खासदाराला, पोलिएव्हना, घरी बसवलं. मताला धार असते ती अशी. तुमच्याकडे त्याच माणसाला चार महिन्यांत आयती जागा मिळाली.

शिवारवाट:
धार पाहायची असेल तर जॅक हॉर्नर यांची गोष्ट ऐका. शेतकरी, गुरं पाळणारा माणूस, 1958 पासून खासदार, पुढं क्रोफुटचा. बोलायला रांगडा, लोकांचा लाडका. 1977 मध्ये त्यांनी पक्ष सोडला आणि तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडोंच्या लिबरल पक्षात जाऊन मंत्री झाले. 1979 मध्ये याच लोकांनी, आपल्याच मातीतल्या, मंत्री असलेल्या माणसाला सपशेल पाडलं. वीस वर्षांची ओळख बाजूला ठेवून! याला खिशात असणं म्हणत नाहीत.

ऑटावाकर:
तुमची हीच गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगतो. मंत्रिमंडळात गव्हाच्या पट्ट्यातला एक तरी माणूस बसला होता, तो त्यांनी काढून टाकला. पुढच्याच वर्षी, 1980 मध्ये, ट्रूडो परत सत्तेवर आले आणि तेलाच्या दरावर आणि उत्पन्नावर केंद्राचा ताबा वाढवणारा राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला, ज्याच्या जखमा अल्बर्टा अजून कुरवाळतं. तेव्हा त्या टेबलाशी क्रोफुटचं कोण होतं?

काळी माती:
मी हॅनाजवळ काम करतो, नागरिकत्व अजून नाही, म्हणून मत नाही. शिअरनेसचं वीजकेंद्र 2021 मध्ये कोळशावरून गॅसवर गेलं. कोळसा बंद म्हणजे खाणीतली कामं बंद. हवा स्वच्छ हवी हे मलाही पटतं. पण निर्णय शहरात झाला आणि नोकरी गावातली गेली, हे इथल्या माणसाला कुणी पाहुण्यानं समजावून सांगायची गरज नाही.

पाणकळा:
दोघंही बॉनी क्रिचली यांना विसरलात. लष्करातून निवृत्त झालेल्या, इथल्याच रहिवासी, अपक्ष. "हा मतदारसंघ कुणाची सोय नाही" एवढाच त्यांचा मुद्दा. दुसऱ्या आल्या, जवळपास 10 टक्के मतं घेतली, लिबरल उमेदवाराच्या दुपटीहून जास्त. म्हणजे उपऱ्या उमेदवाराची सल तिथल्या काही लोकांनाही होती. शिवारवाट, तुम्ही 'इथले लोक' म्हणता तेव्हा ही माणसंही धरा. दर निवडणुकीला वेगळं मत देणारे पंधरा-वीस टक्के तिथं आहेतच, फक्त जिंकेल तो एकटा या पद्धतीत ते दिसत नाहीत.

शिवारवाट:
पाणकळा, बरोबर. माझ्या लिहिण्यात त्या राहून गेल्या, ही चूकच. क्रिचलींना मत देणारं एक कुटुंब माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

पण पद्धतीचं म्हणाल, तर ती बदला म्हणणाऱ्या चळवळीनं या पोटनिवडणुकीत काय केलं तेही पाहा. निषेध म्हणून उमेदवारांची गर्दी केली, एकूण 214 उमेदवार! मतपत्रिका छापणं शक्य नव्हतं, म्हणून कोऱ्या मतपत्रिकेवर नाव हातानं लिहायला लावलं. माझ्या दुकानात येणाऱ्या, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी ओळखते. त्यांच्यावर हा प्रयोग कशासाठी?

पाणकळा:
त्याचा मलाही राग आला. मागणी योग्य आहे, रीत क्रूर होती.

शिवारवाट:
ऑटावाकर, टेबलाशी कोण होतं विचारलंत. 2024 च्या ऑक्टोबरात कॅनडानं चिनी विजेच्या गाड्यांवर 100 टक्के कर लावला, तो मुख्यतः ऑन्टारिओतले मोटारींचे कारखाने वाचवायला. चीननं उलट वार केला तो आमच्या कॅनोलावर. 2025 च्या मार्चमध्ये तेल आणि पेंडीवर 100 टक्के, आणि 12 ऑगस्टला बियाण्यावर 75.8 टक्के जाहीर केला. मतदानाला सहा दिवस होते. त्या रात्री स्टेटलरकडच्या एका शेतकरी मैत्रिणीचा फोन आला. पीक उभं, कापणी तोंडावर. ती राजकारणाचं काही बोललीच नाही, फक्त "या वर्षी कोठारातच ठेवावा लागणार बहुतेक" एवढंच म्हणाली. 1879 ला कारखाना वाचला आणि शेतानं मोजलं. आताही तेच. कुणाला मत द्यायला हवं होतं तिनं?

ऑटावाकर:
कॅनोलाचं तुम्ही म्हणता ते मला पटलं, आणि मी त्या दृष्टीनं पाहिलं नव्हतं. हॉर्नरबद्दल मात्र मी अजून माझ्या जागीच आहे. तुमची मैत्रीण 1921 च्या शेतकऱ्यांसारखा स्वतःचा माणूस उभा करेल, तर मी इथून पैसे पाठवीन.

शिवारवाट:
तिला सांगते. कापणी संपू दे.