साडेपाच वर्षांनी परत अजिंक्यतारा चढायचाय, सुरुवात कुठून करू?

मंगळाईची वाट (सातारा)

नमस्कार. वय ४७, राहायला राजवाड्याच्या मागे. प्रश्न व्यायामाचाच आहे, पण जरा मागून सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल.

२०१४ पासून मी रोज अजिंक्यतारा चढायचे. पहाटे सव्वापाचला गल्लीतल्या आम्ही चौघी निघायचो. वर मंगळाईदेवीचं दर्शन, तळ्यापाशी दहा मिनिटं बसणं, की सातच्या आत घरी. डबे, मुलांची शाळा, ऑफिस हे सगळं त्यानंतर. घरापासून गडाच्या दरवाजापर्यंत मला ३५ मिनिटं लागायची. २०१८ ला सातारा हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून-उतरून २१ किलोमीटर धावले, २ तास ५२ मिनिटांत. ते पदक अजून देवघराशेजारच्या खिळ्याला आहे.

मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. ते उठतंय तोवर सासूबाई न्हाणीघराच्या दारात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा बसवून घेतला, पण आधाराशिवाय त्या परत चालल्या नाहीत. शेवटची तीन वर्षं अंथरुणातच. पहाटे साडेचारला त्यांची हाक यायची. कूस बदलून द्यायची, डायपर बदलायचा, पाठ पुसून पावडर लावायची, मग दोघींचा चहा. हे माझ्यावर कुणी लादलं नव्हतं. माझी दोन्ही मुलं त्यांनी वाढवली, मी नोकरी टिकवू शकले ती त्यांच्या जिवावर. यंदा आषाढात त्या गेल्या.

साडेचारला जाग अजून येते. हाक येत नाही. सहापर्यंत मी तशीच पडून राहते. आता वेळ मोकळा झाला, तर व्यायाम सुरू कर, असं बहीण दोनदा म्हणाली. तेव्हा मला तो ‘मोकळा’ शब्दच सहन झाला नाही. दिवाळीच्या पाडव्याला मात्र उठले आणि गेले.

माळ्यावरून २०१९ चे बूट काढले आणि थेट गड गाठला. चढायला ५५ मिनिटं लागली, त्याचं काही वाटलं नाही. दम लागला, पण छातीत भरून आल्यासारखं झालं नाही. उतरताना मात्र मांड्या लटलट कापायला लागल्या. पुढचे दोन दिवस जिना उलटं तोंड करून उतरत होते. ते दुखणं चौथ्या दिवशी गेलं. डावी टाच मात्र आज बारा दिवस झाले तरी दुखतेच आहे. सकाळी पलंगावरून पाय टेकला की खिळा रुतावा तशी कळ येते, दहा-वीस पावलं चाललं की कमी होते.

वजन तेव्हा ५८ होतं, आता ६९ आहे. गेल्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत रक्तदाब १३८/८८ निघाला होता, पुढे मी काही केलं नाही. मला कोणतीही स्पर्धा करायची नाही. रोज गडावर जाणारी बाई मला परत व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

घाटातली पावलं (सातारा)

ताई, आधी ते बूट टाकून द्या. सहा वर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळ वरून चांगला दिसतो, आत फोम कडक झालेला असतो. तुमच्या टाचेचं निम्मं कारण तिथे असेल.

मीही त्याच घाटात धावतो. नोकरीमुळे ३ वर्षं पुण्यात होतो, तिथे पूर्ण सुटलं. परत आल्यावर तुमच्यासारखंच केलं आणि नडगीच्या हाडाला बारीक तडा घालून घेतला. सक्तीने दहा आठवडे बसलो तेव्हा एक गोष्ट नीट कळली. दम लवकर परत येतो, तीन-चार आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायूही जुनी ओळख ठेवून असतात. पण स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं फार सावकाश तयार होतात, त्यांना महिने लागतात. म्हणून जुना व्यायाम असलेल्या माणसालाच धोका जास्त. नवशिक्याला दम आवरतो. आपल्याला दम आवरत नाही, डोकं म्हणतं ‘जमतंय की’, आणि खाली पाय मोडतात.

तुमच्या मांड्या चढल्याने दुखल्या नाहीत, उतरल्याने दुखल्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, तो भार सवय नसेल तर फार बाधतो. म्हणून पहिला महिना चढ नको, आणि उतार तर नकोच. शाहू स्टेडियमवर या. सपाट आहे, बायकामाणसं पहाटे भरपूर असतात, टाच दुखली तर कुठूनही दोन मिनिटांत बाहेर पडता येतं. गडाच्या मध्यावर दुखली तर तसं करता येत नाही. २० मिनिटं चाला. चालताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा.

आणि वर जायचंच झालं तर एक युक्ती: गडाला गाडीरस्ता आहे. पायी चढा, खाली यायला घरातल्या कुणाला तरी दुचाकी घेऊन बोलवा. मी दोन महिने तसंच केलं.

डोंगरवेडा

इतका विचार कशाला करायचा? रोज गड चढा, अंग आठ दिवस दुखेल मग आपोआप बसेल. आपले आजोबा-पणजोबा कुठे असले हिशेब करत होते?

फिजिओ, सांगली

वरच्या दादांना आदरपूर्वक सांगते, आजोबा-पणजोबा साडेपाच वर्षं थांबून परत चालायला लागत नव्हते, ते थांबतच नव्हते. अंग दुखणं आणि टाच दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांड्यांचं दुखणं एक ते तीन दिवसांत वाढून ओसरतं, ते तसं गेलंही. सकाळच्या पहिल्या पावलाला कळ, चालल्यावर आराम, हे तळपायाच्या पडद्याचं दुखणं वाटतं. त्याच्यावर रोज गड चढलात तर ते महिनोन्महिने मुक्काम करेल. न बघता निदान करत नाही, एकदा जवळच्या कुणाला तरी पाय दाखवा. तोपर्यंत हे करा.

घरात फरशीवर अनवाणी चालू नका, मऊ चप्पल घाला. एक दिवसाआड टाचा उचलण्याचा व्यायाम करा: पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाच मोकळी सोडायची. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. हाताला आधार हवाच. दहा-बाराने सुरुवात. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा. तुमची पहिली पावलं रोज सकाळी स्वतःच हिशेब देतात, तेवढा हिशेब ऐका.

रक्तदाबाचं मात्र थांबवू नका, या आठवड्यात मोजून घ्या, साखरही बघा. चालताना छातीत दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

अजून एक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि त्यासोबत किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्याकडच्या बायका सोडून देतात. पाळी थांबण्याच्या वयात हाडं झपाट्याने विरळ होतात, सासूबाईंचा खुबा तुम्ही पाहिलाच आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला जोर, पाण्याच्या कॅनचं वजन उचलणं, घरात एवढं पुरे आहे. तुम्ही पाच वर्षं एका माणसाला उचललंय, कुशीवर वळवलंय. तुमच्या पाठीत आणि हातात तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त जीव आहे.

लाल माती (कराड)

बाळ, मी ६८ वर्षांचा. तालमीत वाढलो. आमच्यातला एखादा पोरगा दुखण्यानं सहा महिने बाहेर राहून परत आला की वस्ताद त्याला पहिले पंधरा दिवस कुणाच्या अंगाला हात लावू द्यायचे नाहीत. खोऱ्यानं हौदा उकरायचा, माती भुसभुशीत करायची, पंचवीस बैठका, दहा जोर, आणि कडेला बसून बाकीच्यांची लढत बघायची. पोरगा तळमळायचा. पूर्वी पाचशे मारणारा तो! वस्ताद म्हणायचे, पाचशे तुझ्या डोक्यात हायती, पायात पंचवीसच हायती.

आमच्या शेजारच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये सहाव्या नंबरावर थांबावं लागलं. मध्ये चार वर्षं गेली, मग १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक. मला त्यांचं पदक जेवढं मोठं वाटतं तेवढीच ती मधली चार वर्षं मोठी वाटतात.

तुझ्याच जिल्ह्यात औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले. सतरंजीएवढी जागा लागते, खर्च नाही. टाच बरी झाली की तीन घाल, आठवड्याला एक वाढव. आणि हुलग्याचं माडगं पीत जा थंडीत. घरच्यांना करून घालतेस तसं स्वतःसाठीही वाढून घे.

मंगळाईची वाट (सातारा)

संक्रांत झाली, म्हणजे तुम्हा सगळ्यांना लिहून अडीच महिने होत आले. मध्ये लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं व्हायला वेळ लागला.

रक्तदाब मोजला. १४४/९२. डॉक्टरांनी तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी बोलावून मोजला आणि गोळी सुरू केली. साखर ठीक आहे. नवीन बूट घेतले.

नोव्हेंबर पूर्ण स्टेडियम. पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, महिनाअखेर ३५. मैदानावर गोल गोल चालताना डोळे गडाकडेच जायचे, ते अवघड गेलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाच जवळजवळ थांबली म्हणून मी कुणाला न विचारता गडाच्या डोंगरावरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चढून उतरले, तर पाच दिवस परत कळ. पाऊल मागे घेतलं, पुन्हा सपाटीवर. ‘पाच दिवस’ हे ऐकायला थोडं वाटतं, पण त्या पाच सकाळी मी फार रडले. व्यायामासाठी नव्हे, आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी. आषाढात रडायला घर भरलेलं होतं, वेळच झाला नव्हता.

लाल माती काका, तुमचा पंचवीसचा आकडा मी कागदावर लिहून फ्रीजला लावला होता. सूर्यनमस्कार आता आठ होतात. माडगं दर गुरुवारी.

मागच्या रविवारी गडावर गेले. ६२ मिनिटं लागली, दोनदा मुद्दाम बसले. मंगळाईला ओटी भरली. समोर यवतेश्वर, पलीकडे सज्जनगड, खाली गाव अजून धुक्यात. सांगितल्याप्रमाणे मुलगा गाडीरस्त्याने दुचाकी घेऊन आला. तो लहान असताना आई त्याला घेऊन दारात उभ्या राहायच्या, मी उतरून येताना दिसायची म्हणून. त्याला ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाच गप्प होती.

फिजिओताई, टाचेचा व्यायाम पायरीवर करा म्हणालात, पण आमच्या जिन्याला कठडा नाही. आईंच्या खोलीचा उंबरा जुन्या घराचा, चांगला सहा बोटं उंच आहे, आणि शेजारी त्यांच्यासाठी बसवलेला तो दांडा आहे. साडेचारला जाग आली की दिवा लावते, दांडा धरते आणि तिथेच करते. बारावरून आता तीन वेळा बारा होतात. आता पाठीवर वजन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर किती किलोपासून, एवढं सांगा. आणि घाटातली पावलं, उतरायला कधी सुरुवात केली होतीत तुम्ही, आणि पहिल्यांदा किती उतरलात?